ग्रीन कार्ड एसटीत गेलं, आईला परत पाठवायचं कसं?

दादा, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. आई न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे असतात, ग्रीन कार्ड आहे, घरच्या लग्नाला सांगलीला आल्या त्याला आठ महिने झाले, आणि स्वारगेटहून येताना एसटीत पर्स मारली त्यात पासपोर्ट पण गेला अन् कार्ड पण. कळलं कराडला गाडी थांबल्यावर. पोलीस म्हणतात हद्द आमची नाही, आणि विश्रामबागचा एजंट म्हणतोय टुरिस्ट व्हिसा काढू, पटकन होईल.

एजंटचं आधी बघू कारण खरं नुकसान तिथंच होणारे. ग्रीन कार्डवाल्याला टुरिस्ट व्हिसा हवा असेल तर आधी आय-४०७ फॉर्मवर सही करावी लागते, म्हणजे कायम राहायचा हक्क आपणहून सोडला असं लिहून देणं. कार्ड चोरीला गेलं म्हणून तो हक्क जात नाही ओ, मग स्वतःच्या हातानं कशाला घालवायचा? त्या माणसाला हात जोडा आणि ॲडव्हान्स दिला असेल तर परत मागा.

आता एफआयआर. 'हद्द नाही' हे उत्तर चालत नाही, नव्या बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ मध्ये गुन्हा कुठंही घडला असला तरी ठाण्यात नोंद घ्यावी लागते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि प्रत फुकट मिळते. तरी टाळाटाळ केली तर एसपी ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तक्रारीत पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्हीचा उल्लेख पाहिजे, नुसतं 'पर्स व रोख रक्कम' लिहून घेतात आणि मग पुढं सगळं अडतं.

मग पासपोर्ट. हरवलेल्याच्या बदल्यात ३६ पानीची फी ३००० रुपये, तत्काळला वर २०००, सोबत ॲनेक्शर एफचं, म्हणजे पासपोर्ट हरवल्याचं प्रतिज्ञापत्र. सांगलीच्या पोस्टातल्या केंद्रात तारीख लांबची मिळाली तर पुण्याचं बघा. आणि जुना पासपोर्ट नंतर कुणी आणून दिला तरी तो वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो.

नवा पासपोर्ट हातात आला की आय-१३१ए, म्हणजे परदेशात ग्रीन कार्ड हरवलेल्यांनी परत जायला भरायचा अमेरिकन फॉर्म. ५७५ डॉलर फी ऑनलाइन भरायची, ती भाऊ तिकडून भरू शकतो, पण कॉन्सुलेटला मुंबईत बीकेसीला आईंनाच जावं लागेल. मंजूर झालं की विमानात बसायला कागद मिळतो, तो साधारण ३० दिवसच चालतो म्हणून तिकीट आधी पक्कं करू नका. कार्डाचा झेरॉक्स किंवा फोटो शोधा, नसेल तर भावाच्या घरी अमेरिकन इमिग्रेशनची जुनी पत्रं असतील त्यावर 'ए' नंबर, म्हणजे आईंचा इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक असतो. अमेरिका सोडल्याची तारीख दाखवणारं जुनं तिकीट पण लागेल. नवीन कार्डासाठी आय-९० भरायचा तो तिकडे पोचल्यावर, इथं बसून भरून विमानात कुणी घेत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षाची मुदत. री-एंट्री परमिट (जास्त दिवस बाहेर राहण्यासाठी निघण्याआधी मागायचा परवाना) नसेल तर बाहेर एक वर्ष व्हायच्या आत हे सगळं उरकायला पाहिजे, तुमच्याकडं चार महिने पण नाहीत. वर्ष ओलांडलं तर एसबी-१ व्हिसाचा, म्हणजे परतणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यांच्या व्हिसाचा रस्ता, तिथं 'लांबलं ते माझ्या हातात नव्हतं' हे सिद्ध करावं लागतं आणि लग्नानंतर पाहुण्यांकडं राहिलो हे कारण कोण ऐकणार. सहा महिन्यांच्या वर झालेत म्हणून एअरपोर्टवर प्रश्न विचारतीलच, तेव्हा तिकडचं बँक खातं, टॅक्स, राहत्या पत्त्याचे कागद भावाकडून मागवून आईंच्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नको. एफआयआरला उद्याच जा.