सफारीत हॉटेल बदललं? चांदण्या नंतर मोजा, आधी गेट विचारा

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही दोघं ग्रुपबरोबर केनिया-टांझानियाला निघालोय. निघायला चार दिवस राहिले असताना कंपनीचा मेसेज आला, की मसाई मारामधला ठरलेला कॅम्प ‘उपलब्ध नसल्याने’ त्याच दर्जाचा दुसरा कॅम्प दिला आहे. फोटो तर छान आहेत. हरकत घ्यावी का?

उत्तर : फोटो बाजूला ठेवा. सफारीत हॉटेलचं खरं मोल हे, की सकाळी सहाला तुमची गाडी कुठून निघते. कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा : नवा कॅम्प रिझर्व्हच्या, म्हणजे माराच्या राखीव रानाच्या, आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर कुठल्या गेटजवळ, आणि तिथून मारा नदी किती तासांवर?

ऑगस्टमध्ये लोक मारात जातात ते विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांचे कळप मारा नदी ओलांडताना बघायला. नदी आहे पश्चिमेकडे, आणि मध्यम दराच्या कॅम्पांची गर्दी आहे पूर्वेच्या सेकेनानी, ओलोलाइमुतिया आणि तालेक या गेटांबाहेर. सेकेनानीपासून नदीपर्यंत कच्च्या रस्त्याने दीड-दोन तास सहज जातात. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो, दोनदा माघारी फिरतो आणि मग एकदम पाण्यात उतरतो. सहाच्या आत गेट गाठायचं म्हणून तुमची गाडी चारलाच वळली, तर गादी कितीही मऊ असली तरी उपयोग नाही.

दुसरा मुद्दा तिकिटाचा. परदेशी प्रौढ पर्यटकाला मारात जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर पडतात, जानेवारी ते जून १००. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडायचं असतं. बाहेर राहणाऱ्यांचं तिकीट एकाच प्रवेशाचं. म्हणजे दुपारी जेवायला कॅम्पवर येऊन पुन्हा आत जायचं हे गणित तिथे जमत नाही. डबा बरोबर घेऊन दिवसभर आतच राहावं लागतं. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळ-संध्याकाळ गेम ड्राइव्ह’ (गाडीतून प्राणी बघायची फेरी) लिहिलं असेल आणि कॅम्प आतून बाहेर गेला असेल, तर त्याचं आता नेमकं काय होणार आणि किती दिवसांची फी भरली आहे, हे ईमेलवर मागा. फोनवरचं ‘सगळं इन्क्लुडेड आहे’ पुरेसं नाही.

नदीपलीकडचा भाग म्हणजे मारा ट्रँगल. त्याची व्यवस्था २००१ पासून वेगळी, मारा कन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आहे. रिझर्व्हच्या आतून तिकडे जायचं तर दक्षिणेच्या पुरुंगाट पुलावरूनच. तेव्हा नव्या कॅम्पमुळे तुम्ही नदीच्या कुठल्या काठावर राहणार, तेही विचारून घ्या.

मात्र प्रत्येक बदल वाईट नसतो. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी किंवा मारा नॉर्थ या खासगी कन्झर्व्हन्सीत, म्हणजे रिझर्व्हबाहेरच्या खासगी राखीव रानात, जागा मिळत असेल, तर आम्ही ती घ्या म्हणू. तिथे रस्ता सोडून प्राण्याजवळ जाता येतं, रात्रीची ड्राइव्ह असते, गाड्याही कमी असतात. मुख्य रिझर्व्हमध्ये यातलं काही नाही. अडचण एकच : कन्झर्व्हन्सीची फी वेगळी आणि नदीवर जायचं तर रिझर्व्हचं तिकीट वेगळं. ते कोण भरणार, हे आधी ठरवा.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर धावपट्टीही तपासा. मारात कीकोरोक, ओल किओंबो, मारा सेरेना, किचवा टेंबो अशा अनेक आहेत. कॅम्प बदलतो, तिकीट मात्र जुन्याच धावपट्टीचं राहतं, आणि उतरल्यावर न्यायला गाडी नसते. सामानाची मर्यादा सहसा १५ किलो, हातातली पिशवी धरून. बॅग मऊ हवी.

प्रश्न : टांझानियातली हॉटेलंही बदलली तर?

उत्तर : ‘सेरेन्गेटीत मुक्काम’ एवढ्यावर समाधान मानू नका. ते उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. ऑगस्टमध्ये मारा नदीवरचे कळप उत्तरेला, कोगातेंदेच्या बाजूला असतात. मुक्काम उद्यानाच्या मधल्या भागात, सेरोनेराला हलवला तर एकेका दिशेला तीन-चार तास जातील. बिबट्या-सिंहांसाठी सेरोनेरा उत्तमच, पण तुम्ही पैसे मोजले ते नदीसाठी.

एन्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या जुन्या विवरापाशी फरक उंचीचा. विवराच्या कडेवरची हॉटेलं साधारण २,३०० मीटरवर आहेत. ऑगस्टच्या रात्री चांगलं जाकीट लागतं. करातूचं हॉटेल खाली, उबदार, बहुधा स्वस्तही. पण करातू हे गाव एन्गोरोंगोरोच्या लोडुआरे या प्रवेश-गेटच्या बाहेर आहे. पहाटे गेटवर कागदपत्रं, मग कडेपर्यंतचा चढ, मग उतार. शांत विवर बघायचा पहिला तास तिथेच संपतो.

प्रश्न : रिसेप्शनवर पोचल्यावरच कळलं, की आमच्या नावाची खोली नाही. तेव्हा काय करायचं?

उत्तर : सगळं सामान उतरवू देऊ नका आणि ड्रायव्हर-गाइडला थांबवून ठेवा, नवी जागा कुठे आणि रस्ता कसा हे त्याला तुमच्या टूर लीडरपेक्षा चांगलं माहीत असतं. घड्याळ बघा. अंधार पडल्यावर उद्यानांत गाडी चालवायला परवानगी नसते, त्यामुळे पाचनंतर लांबच्या हॉटेलचा हट्ट व्यर्थ. ती रात्र तिथे काढून सकाळी हलायचं, असं लिहून घ्या.

मॅनेजरला विचारा, बुकिंग पक्कं होतं का आणि कधी सुटलं. स्थानिक ऑपरेटरने उरलेली रक्कम मुदतीत भरली नाही की धरून ठेवलेल्या खोल्या सोडल्या जातात, आणि पर्यटकाला सांगितलं जातं ‘ओव्हरबुकिंग’. छोट्या कॅम्पात तंबूच दहा-बारा, त्यातला एक नादुरुस्त झाला तरी एक जोडपं बाहेर पडतं. कारण काय आणि चूक कुणाची, हे मॅनेजरकडून दोन ओळींत लेखी घ्या. भरपाईचं सगळं त्यावर उभं राहतं.

नव्या जागी जुन्या सूचना पोचलेल्या नसतात. शाकाहार, मधुमेह, गुडघेदुखी हे पुन्हा सांगा. जेवणाचा तंबू कधी कधी तीनशे पावलांवर असतो, आणि कुंपण नसलेल्या कॅम्पात अंधारात रखवालदाराशिवाय चालायचं नाही. वीज अनेक ठिकाणी ठरावीक तासच असते. झोपेत श्वासाचं यंत्र लावणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

प्रश्न : पैसे परत मिळतात का?

उत्तर : दोन हॉटेलांच्या दरातला फरक मागता येतो, पण तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यापेक्षा जागेवरच काहीतरी मागा : दिवसभराची जादा ड्राइव्ह, तिचं रिझर्व्हचं तिकीट कंपनीकडून, किंवा तुमच्यापुरती वेगळी गाडी. ते स्वीकारताना ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

पूर आला असेल तर गोष्ट वेगळी. मे २०२४ च्या सुरुवातीला तालेक नदी फुगून काठचे अनेक कॅम्प पाण्यात गेले होते. अशा वेळी हलवलं तर आभारच माना. तरी स्वस्त खोलीतला फरक तुमचाच आहे. केनियातला ऑपरेटर दाद देत नसेल आणि तो ‘काटो’ या टूर ऑपरेटरांच्या संघटनेचा सदस्य असेल, तर तिथे तक्रार करता येते. जुनं-नवं व्हाउचर आणि मॅनेजरच्या त्या दोन ओळी सोबत जोडा.