नोकरीला वर्ष झालंय, शेअर बाजाराचा कोर्स लावू का?

आत्ता नको. तुम्ही लिहिलंय की नोकरीला वर्ष झालं, महिन्याअखेरीस थोडे पैसे उरतात, कुठला शेअर घ्यायचा ते शिकवणारा कोर्स लावायचा विचार आहे, आणि हो, क्रेडिट कार्डावर जराशी बाकी आहे. ही जाता जाता लिहिलेली बाकीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

मी स्वतः दोन वर्षं दर महिन्याला 'किमान देय रक्कम' तेवढी भरत होतो आणि हिशेब सुरळीत चाललाय असं समजत होतो. मग एका रात्री वही घेऊन बसलो. तुम्हीही बसा. बाकी १०,००० धरा, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि व्याज धरून जी रक्कम होईल तिच्या ५ टक्के किमान भरणा. पहिल्या महिन्यात ३०० व्याज चढतं, तुम्ही ५१५ भरता, बाकी राहते ९,७८५. कार्डावर नवीन काहीही न घेता वर्षभर असंच भरलंत तर खिशातून सुमारे ५,५०० जातात आणि बाकी उतरते फक्त २,३०० च्या आसपास. निम्मी बाकी फिटायलाच ३२ महिने लागतात. महिना ३ टक्के म्हणजे साध्या हिशेबानेही वर्षाला ३६ टक्के. एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक मला ठाऊक नाही, पण कार्ड फेडलंत की हे व्याज खात्रीने वाचतं. म्हणून उरणारे पैसे आधी तिकडे वळवा.

ते झालं की दोन-तीन महिन्यांचा खर्च लगेच काढता येईल अशा ठिकाणी ठेवा. नाहीतर पहिल्याच अडचणीला कार्ड पुन्हा बाहेर येतं.

आता शिकण्याबद्दल. अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या एका सर्वेक्षणात तीन साधे प्रश्न घातले. व्याजावर व्याज कसं चढतं? व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के असेल तर वर्षानंतर त्याच पैशांत जास्त वस्तू येतील की कमी? आणि एकाच कंपनीचा शेअर जास्त सुरक्षित की अनेक कंपन्यांचे शेअर असलेला म्युच्युअल फंड? तिन्ही उत्तरं बरोबर देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. माझ्या मते सामान्य माणसाचा खरा अभ्यासक्रम हाच आहे, आणि तो घरबसल्या होतो. एक सोपा ठोकताळा आहे: ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागलं की पैशाची किंमत निम्मी व्हायला लागणारी वर्षं अंदाजे कळतात. महागाई ६ टक्के असेल तर ७२ ला ६ ने भागा: साधारण १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. हे एकदा स्वतः मांडून पाहिलं की विसरत नाही.

यात चौथी गोष्ट मी माझ्याकडून घालेन, ती म्हणजे खर्च. १,००,००० रक्कम ३० वर्षं ७ टक्क्यांनी वाढली तर सुमारे ७,६१,००० होते. फंडाच्या शुल्कात दरवर्षी १ टक्का गेला आणि हाती ६ टक्केच आले, तर ५,७४,०००. वर्षाला एकच टक्का, पण शेवटच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला! 'व्हॅनगार्ड' या अमेरिकी फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड (शेअर निवडत न बसता बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) आणला तो याच हिशेबावर: सगळे गुंतवणूकदार मिळून बाजाराएवढंच कमावतात, आणि त्यातून खर्च वजा होतो. त्यामुळे कुठला शेअर वर जाईल यापेक्षा शुल्क किती कापलं जातं, हे आधी बघायला शिका. ते कागदावर छापलेलं असतं, त्याचा अंदाज बांधावा लागत नाही.

कोर्स नंतरही लावावासा वाटला तर शिकवणाऱ्याला एवढं विचारा: तुमची कमाई कशातून होते, स्वतःच्या गुंतवणुकीतून, आमच्या फीमधून, की आम्ही खातं उघडल्यावर मिळणाऱ्या कमिशनमधून? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.