अकरावीतला मुलगा महिनाभर खोलीबाहेर येत नाही. हे डिप्रेशन असेल का? पुण्यात कुठे दाखवावं?

तुम्ही लिहिलंय, क्लास सुटला, जेवण अर्धवट, विचारलं की खेकसतो. आळस म्हणून सोडून देऊ नका. या वयात डिप्रेशन बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असेल तर दाखवायचंच.

माझ्या भाच्याच्या वेळी ताई रोज दाराबाहेरून "तुला काय कमी केलंय रे?" म्हणायची. तो आणखी मिटत गेला. शेवटी तिने प्रश्न बंद केले. रात्री दोन कप चहा घेऊन नुसती शेजारी बसायची. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "मला सकाळच नको वाटते."

ससूनला मानसोपचार विभाग आहे, खर्च बेताचा. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही, पालकांनीही करावा. गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करू नका (शेजारच्या काकू "सवय लागते" म्हणतीलच).

मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.