नोकरी सोडून एम.ए. करायचं? या जूनमध्ये नको

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात, हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या 34 वर्षांच्या वाचक भगिनींना नोकरी सोडून मानसशास्त्रात दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.ए. करायचं आहे आणि पुढे समुपदेशक व्हायचं आहे. त्यांच्या हातात महिन्याला 78,000 येतात. मिस्टर खासगी शाळेत शिक्षक आहेत, त्यांना 46,000 मिळतात. मुलगी पहिलीत आहे. एफडीत 6 लाख आणि म्युच्युअल फंडात 3 लाख 80 हजार आहेत. कॉलेजची दोन वर्षांची फी 1 लाख 60 हजार. त्या विचारतात, “फी तर सहज भरता येईल, मग अडचण काय?”

ताई, मुद्द्याचं आधी सांगते. कोर्स जरूर करा, पण राजीनामा या जूनमध्ये देऊ नका. पुढच्या जूनमध्ये द्या, आणि तोही खाली सांगितलेली परीक्षा घरात पास झाल्यावर.

या सगळ्या व्यवहारात फी हा सर्वांत लहान आकडा आहे. दोन वर्षांचा तुमचा पगार होतो 18 लाख 72 हजार. तुमचं मूळ वेतन 32,000 आहे, म्हणजे तुमच्या आणि कंपनीच्या वाट्याचे मिळून पीएफचे आणखी 1 लाख 84 हजार बुडतात. पुढचं त्याहून महत्त्वाचं. तुम्ही ज्या दोन शाळा समुपदेशकांशी बोललात, त्यांना 25 ते 30 हजार पगार आहे. 28,000 धरले तर आजच्यापेक्षा महिन्याला 50,000 कमी, म्हणजे वर्षाला 6 लाख. पहिली तीन वर्षं तरी हा फरक राहील असं धरा. सगळं मिळून हा निर्णय 40 लाखांच्या घरात जातो. हा आकडा तुम्हाला घाबरवायला देत नाहीये. मनासारख्या कामासाठी 40 लाख मोजणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. फक्त 1 लाख 60 हजारांचा निर्णय समजून 40 लाखांचा निर्णय घेऊ नये, एवढंच.

आता तुमच्या हिशेबाच्या कागदाकडे येते. तुम्ही लिहिलंय: घराचा हप्ता 23,500, घरखर्च 38,000, शाळा 6,000, आईला 5,000. एकूण 72,500. दोघांचं उत्पन्न 1 लाख 24 हजार. म्हणजे महिन्याला 51,500 शिल्लक पडायला हवेत. घराचं डाउन पेमेंट केलं तेव्हा खातं जवळजवळ रिकामं झालं होतं आणि त्याला आता तीन वर्षं झाली, असंही तुम्हीच लिहिलंय. तीन वर्षांत 51,500 च्या हिशेबाने साडेअठरा लाख साठायला हवे होते. आहेत 9 लाख 80 हजार. पगार तेव्हा कमी होते हे धरलं, तरी महिन्याला पंधराएक हजार कागदावर न आलेल्या गोष्टींत जातायत. गावाकडची लग्नकार्यं, गाडीची दुरुस्ती, दिवाळी, ऑनलाइन मागवलेलं जेवण. यात उधळपट्टी काही नाही, संसार असाच चालतो. पण त्यामुळे तुमचा खरा खर्च 72,500 नसून 87,500 च्या आसपास आहे.

याने सगळं चित्र बदलतं. एकट्या मिस्टरांच्या पगारावर घर चाललं तर तुमच्या हिशेबाने महिन्याला 26,500 ची तूट आहे, माझ्या हिशेबाने 41,500 ची. दोन वर्षं आणि नंतर काम मिळेपर्यंतचे सहा महिने धरा, वर फी घाला. तुमच्या हिशेबाने साडेनऊ लाख लागतात, म्हणजे जेमतेम भागतं. माझ्या हिशेबाने 14 लाख लागतात आणि शेवटचं सत्र संपण्याआधीच एफडी आणि फंड दोन्ही संपतात.

म्हणून परीक्षा अशी. पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार वेगळ्या खात्यात जाऊ द्या. त्यातून घरासाठी फक्त 26,500 काढा. म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता, म्हणजे एसआयपीसुद्धा उरलेल्या पैशांतूनच जाऊ द्या. असं सहा महिने करा, आणि त्यात दिवाळीचा महिना येऊ द्या. जमलं तर वर्षभरात सहा लाखांच्या पुढे जमा होतील आणि तुम्ही निर्धास्त कॉलेजला जाल. नाहीच जमलं, तर ते नोकरी असताना कळलेलं बरं.

थांबायला आणखी एक कारण आहे. तुमच्या नोकरीला येत्या ऑगस्टमध्ये पाच वर्षं पूर्ण होतात. जूनमध्ये सोडली तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावं लागू शकतं. पुढच्या जूनपर्यंत पाच वर्षं दहा महिने होतील, आणि सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे सहा वर्षांचे, आजच्या मूळ वेतनावर 1 लाख 10 हजार.

पीएफचे 7 लाख मात्र काढायचे नाहीत. त्यावर व्याज चालू राहतं, 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. शैक्षणिक कर्जही नको. त्याच्या व्याजाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, ती कर्ज घेणाऱ्यालाच मिळते, आणि शिकत असताना तुम्हाला करपात्र उत्पन्नच नसेल.

विम्याचं काम याच महिन्यात करा. ऑफिसची आरोग्य पॉलिसी राजीनाम्याबरोबर जाते आणि त्यात तुमची आईसुद्धा आहे, जिला मधुमेह आहे. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती मुदत नोकरी असतानाच सुरू होऊ द्या. मिस्टरांचा टर्म विमा पत्रात कुठेच दिसला नाही. उद्या घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालणार आहे, तेव्हा तो आधी. तुमचाही आत्ताच काढून ठेवा. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला मोठं कव्हर मिळणं अवघड जातं.

तुम्ही सुचवलेला दुसरा मार्ग, नोकरी सांभाळून इग्नूसारखं दूरशिक्षण, आता बंद झालाय. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. कुणी एजंट “आमच्याकडे होतं” म्हणाला तर पैसे देऊ नका. आणि पत्रात तुम्ही एके ठिकाणी ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलंय. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्यता दिलेल्या प्रशिक्षणानंतरच मिळते, साध्या एम.ए.वर नाही. तिथपर्यंत जायचं असेल तर दोन वर्षांचा हिशेब पुरणार नाही. फी भरण्याआधी कॉलेजला हे लेखी विचारा.

या वर्षभरात शनिवार-रविवारी एखाद्या हेल्पलाइनवर किंवा शाळेत स्वयंसेवक म्हणून बसा. लोकांचं दुःख तासन्‌तास ऐकणं झेपतंय का, हे तिथेच कळेल.

एक गोष्ट मी पत्रात शोधत होते आणि सापडली नाही: मिस्टरांचं मत. पाच-साडेपाच वर्षं घराचा मुख्य भार त्यांच्या 46,000 वर असणार आहे, आणि खासगी शाळेतल्या नोकरीची शाश्वती किती असते हे ते आपल्याहून जास्त जाणतात. हा हिशेब दोघांनी मिळून वाचा, आणि ज्यातून दरमहा 26,500 काढायचे ते खातं दोघांच्या नावावर उघडा.