शीव, सायन आणि गळालेला अनुस्वार

प्रश्न असा आहे: 'मुंबईत स्टेशनवर शीव लिहितात, लोक सायन म्हणतात. मूळ नाव कोणतं? आणि हा शीव म्हणजे शंकरच ना?'

शंकर नव्हे. देव तो ऱ्हस्व 'शि'चा, तत्सम. ही दीर्घ, आणि स्त्रीलिंगी: ती शीव, म्हणजे गावच्या जमिनीची हद्द. उच्चारात फरक कळत नाही, म्हणून घोटाळा होतो. वेस आणि शीवही एक नव्हेत. वेस हा गावकुसातला दरवाजा. शीव त्याच्या बरीच पुढे, आपली शेतं संपून दुसऱ्या गावाची सुरू होतात तिथे. दसऱ्याचं शिलंगण म्हणजे ही शीव ओलांडणं, सीमोल्लंघन.

शब्द आला 'सीमा'वरून. अशा जागी संस्कृतातला 'म' मराठीत येईतो नाकातल्या 'व'वर उतरतो: नाम-नांव, ग्राम-गांव, तशी सीमा-शींव. हे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी गेले. सायनचं कोडं मला वाटतं इथेच सुटतं. रोमन लिपीत गोरेगाव लिहून पाहा: शेवटी 'एन' येतो. आज आपण उच्चारत नाही तो नाकातला सूर तिथे टिकून आहे. 'एस-आय-ओ-एन' मधला 'एन' तोच असावा. पुढे ही अक्षरं इंग्रजी वळणाने वाचली गेली आणि शींवचं सायन होऊन आपल्याकडे परत आलं. जेझुइट पाद्र्यांनी जेरुसलेमच्या 'सायन' (झायन) टेकडीवरून नाव ठेवलं, असंही सांगतात. स्पेलिंग जुळतं खरं, पण जागेला चपखल बसणारा घरचा शब्द असताना इतक्या लांब कशाला जायचं?

आणि जागा खरोखरच शिवेवरची. 1665 मध्ये मुंबई बेट इंग्रजांकडे आलं, उत्तरेचं साष्टी बेट मात्र पोर्तुगिजांकडेच राहिलं. दोहोंमध्ये खाडी. तिच्यावर नजर ठेवायला इंग्रजांनी 1669 ते 1677 दरम्यान टेकडीवर किल्ला बांधला. स्टेशनच्या पूर्वेला तो अजून आहे. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली, तेव्हा पलीकडचा शेजारी बदलला, शीव तिथेच. खाडीपलीकडे, साष्टीतल्या कुर्ल्याकडे जायचा बांधरस्ता पुरा झाला 1805 मध्ये.

विभक्तीतही भेद आहे. गावाच्या 'शिवेवर' देऊळ असतं, पण लोकलमधून आपण 'शीवला' उतरतो. 'शिवेला उतरलो' कुणी म्हणत नाही. विशेषनाम झालं की शब्द असा ताठ होतो.

बाकी हद्द अजून तीच. शीव मुंबई शहर जिल्ह्यात, कुर्ला उपनगर जिल्ह्यात. शंका असेल तर कुर्ल्याहून रिक्षा करा आणि दादरला चला म्हणा. रिक्षावाला शिवेपाशीच उतरवील.