हागार परत का गेली?

प्रश्न : सप्रेम सलाम, ताई. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून गेल्या महिन्यात माहेरी आली. आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, "हागारला खुद्द देवदूतानं सांगितलं, धनिणीकडे परत जा. आपापला वधस्तंभ उचलावाच लागतो." माझी मुलगी म्हणते, अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानी बाईंनी हागारवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्या कोण? काय सांगतात?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : आधी बहिणीला सांगा, माहेरी आली यात तिचं काही चुकलं नाही. तिला परत पाठवायची घाई कुणालाही करू देऊ नका.

हागार म्हणजे बायबलातल्या अब्राहामाची बायको साराय हिची दासी; अब्राहामापासून गरोदर असताना धनिणीच्या जाचाला कंटाळून ती रानात पळाली होती. तिच्यावर लिहिणाऱ्या त्या बाई म्हणजे डेलोरेस विल्यम्स. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत त्या शिकवत. २०२२ साली वारल्या. त्यांचं 'सिस्टर्स इन द विल्डरनेस' हे पुस्तक १९९३चं. त्याच सेमिनरीत जेम्स कोन यांनी कृष्णवर्णीयांचं ईश्वरविज्ञान मांडलं होतं : देव पिचलेल्यांच्या बाजूचा आहे, मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, त्यानं इब्री गुलामांना सोडवलं तसा तो आजही सोडवतो. विल्यम्सबाईंनी विचारलं, मग हागारचं काय? ती तर मिसरी दासी, तिच्यावर मालकी इब्री माणसांची, आणि देव तिला सोडवत नाही, उलट परत जा म्हणतो.

हे वचन त्यांनी झाकून ठेवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्या म्हणतात, बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातली हागार गरोदर आहे, रानात एकटी आहे, जवळ काही नाही. परत जाणं हा तिच्या आणि पोटातल्या बाळाच्या जगण्याचा मार्ग होता. सारायनं केलेला जाच त्यामुळे योग्य ठरत नाही. तिथेच हागार देवाला नाव देते, 'पाहणारा देव'. बायबलात देवाला नाव देणारी ती पहिली व्यक्ती, आणि ती एक दासी.

आता तुमच्या वडीलधाऱ्यांना २१वा अध्याय वाचायला सांगा. अब्राहाम तिच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक ठेवून तिला घालवून देतो. मसकेतलं पाणी संपतं. मुलाचं मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन रडते. या वेळी देव 'परत जा' म्हणत नाही. तो तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. बाई तीच, देवही तोच, पण सांगणं वेगळं. विल्यम्सबाईंचा सगळा भर या विहिरीवर आहे : जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे जगण्याची साधनं बघायची नजर देव देतो.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणजे गिरणीतला 'बदली' कामगार, दुसऱ्याच्या जागी राबणारा, तुम्हाला ठाऊक असेल. विल्यम्सबाई म्हणतात, कृष्णवर्णीय स्त्रीला कायम बदलीवरच ठेवलं गेलं. गुलामीत तिनं मालकिणीच्या बाळाला पाजायचं, मालकाची वासना सोसायची, शेतात पुरुषाचं काम ओढायचं. गुलामी गेली तरी गरिबीनं तेच करायला लावलं. माझी आई एका बंगल्यात आया होती. तिकडच्या बाळाला झोपवून ती रात्री घरी यायची तेव्हा पदराला पावडरचा वास असायचा. आम्ही तोवर झोपलेलो असायचो. ते पान वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

यापुढचं त्यांचं म्हणणं कठीण आहे. येशू आपल्या बदली मेला असं शिकवलं, तर दुसऱ्याच्या बदली सोसणंच पवित्र ठरतं. म्हणून त्या म्हणतात, तारण येशूच्या जगण्यात आहे : आजाऱ्यांना बरं करण्यात, भुकेल्यांना खाऊ घालण्यात. वधस्तंभ हे माणसांचं दुष्कृत्य. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये मिनियापोलिसच्या परिषदेत त्या हे सडेतोड बोलल्या, तेव्हा मंडळ्यांमध्ये मोठं वादळ उठलं. मी स्वतः इतकी दूर जाऊ शकत नाही; शुभ शुक्रवारी वधस्तंभापुढे माझे गुडघे आपोआप टेकतात. पण मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा वधस्तंभ' असं मी यापुढे कधीही म्हणणार नाही. पूर्वी म्हटलं आहे, दोघींना. त्यातली एक आता हयात नाही.

प्रश्न : महिला मंडळाच्या खोलीत हागारचं चित्र लावायचं आहे. सगळ्या चित्रांत ती जमिनीवर कोसळलेली दिसते. दुसरं कुठलं सुचवाल?
— एक सेविका, जालना

उत्तर : एडमोनिया लुईस या अमेरिकी शिल्पकार बाईंच्या शिल्पाचा फोटो छापून घ्या. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे या मूळ अमेरिकी जमातीची. रोममध्ये राहून त्यांनी १८७५ साली पांढऱ्या संगमरवरात हागार घडवली. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयात आहे. पाण्याचं भांडं पायाशी आडवं पडलंय. हात छातीशी जुळलेले आहेत, नजर वर आहे. आणि ती उभी आहे.