शुल्क भरण्याआधी एवढं बघ
अरे, लॉबिस्ट म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी कुणाची तरी बाजू मांडणारा. त्याच्या नोंदणीला किती शुल्क पडतं म्हणून घाबरू नकोस. पर्वरीत, गोवा विधानसभेपाशी, कुणी ‘लॉबिस्टचं लायसन्स’ म्हणून पैसे मागितले तर दमडी देऊ नको, भारतात तसा कायदाच नाही. पणजीत बसून आपण करतो ती अमेरिकेची कामं. म्हणून तिथल्या नोंदणीचं सध्या एवढंच धर:

- वॉशिंग्टनची संघीय नोंदणी फुकट; ती करायला मुदत ४५ दिवस.
- परदेशी सरकारसाठी काम असेल तर १९३८ चा ‘फारा’ कायदा, म्हणजे परदेशी हस्तकांच्या नोंदणीचा. दर पक्षकारामागे ३०५ डॉलर, दर सहा महिन्यांनी पुन्हा.
- टेक्सास राज्याची नोंदणी ७५० डॉलर, ठरावीक ना-नफा संस्थांना १५०.

नवखे फसतात टेक्सासात. पैसे कधीही भरा, नोंदणी ३१ डिसेंबरला संपते. मी एकदा दिवाळीत नरकासुराच्या रात्री ऑफिसात बसून पूर्ण ७५० भरले होते. जानेवारीत तेच बिल पुन्हा! क्लायंट काय बोलला ते विचारू नको. बाकीची राज्यं नंतर बघू.